‘शाप की वरदान’ सोडून मुलांशी इंग्रजीत तंत्रज्ञानावर काय बोलायचं?

फळाखडू

लालबाग-परळ भागात आम्ही काही जण मिळून शनिवार-रविवारी आठवी ते दहावीच्या मुलांचा इंग्रजी संभाषणाचा वर्ग घेतो. मुलं मराठी माध्यमाची, काही सेमी-इंग्रजीची. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्यामुळे आमच्याकडे येईपर्यंत मुलांची सात-आठ वर्षं या भाषेशी ओळख झालेली असते. व्याकरणाचा कागद दिला तर बऱ्यापैकी सोडवतात. बोलायला सांगितलं की मान खाली.

मग कुणीतरी सुचवतं, मुलांच्या आवडीचा विषय घ्या, मोबाइल-इंटरनेटवर बोला. आणि फळ्यावर विषय काय लिहिला जातो? ‘टेक्नॉलॉजी : बून ऑर कर्स’. आपण शाळेत ‘विज्ञान : शाप की वरदान’ हा निबंध लिहिला, तोच इंग्रजीत. मुलंही मग पाठ केलेलंच काढतात. ‘सायन्स इज अ गुड सर्व्हंट बट अ बॅड मास्टर’ हे वाक्य एकाच तासात चार जणांच्या तोंडून येतं आणि त्यानंतर वर्ग गप्प. गप्प बसणारच, कारण त्या प्रश्नाचं उत्तर विचारणाऱ्यालाही नको असतं आणि देणाऱ्यालाही माहीत असतं की ते नको आहे.

माझं मत ठाम आहे. ज्याचं उत्तर मुलाला खरोखर माहीत आहे आणि आपल्याला नाही, असा प्रश्न विचारला तरच मूल परक्या भाषेत धडपडायला तयार होतं. तंत्रज्ञान या विषयात असे प्रश्न ढिगाने मिळतात. वडापावच्या गाडीवर पैसे आल्याचं बोलून सांगणारा तो छोटा डबा कसा काम करतो? गाडीवाल्याला त्याचं भाडं द्यावं लागतं का? नेट गेलं तर तो काय करतो? हे विचारायला मी मुलांना आधी गाडीवर पाठवते आणि परत आल्यावर इंग्रजीत सांगायला लावते. ‘ही सेज’, ‘ही टोल्ड मी’ हे अप्रत्यक्ष कथन व्याकरणाच्या तासाला जीव खातं. इथे ते गरज म्हणून येतं. आजीला एखादं अ‍ॅप शिकवायचं असेल तर पायऱ्या कशा सांगशील, यात सगळी आज्ञार्थी वाक्यं येतात. घरात पूर्वी वीजबिल कसं भरायचे हे आजोबांना विचारून ये म्हटलं की ‘युज्ड टू’ आपोआप तोंडात बसतं, कारण रांगेत उभं राहणं खरंच बंद झालेलं असतं.

एका मुलीचे वडील अ‍ॅपवर टॅक्सी चालवतात. भाडं कोण ठरवतं, रेटिंग खाली गेलं तर काय होतं, फेरी नाकारली तर काय होतं हे तिला घरी जेवताना ऐकून पाठ झालं आहे. ती वर्गात म्हणाली, ‘द अ‍ॅप इज माय फादर्स बॉस. ही कॅनॉट सी द बॉस.’ त्यावर अर्धा तास चर्चा झाली. एका मुलाचा भाऊ घरोघरी पार्सल पोचवतो, तो त्यात बोलला. एरवी तो हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हणून जे थांबायचा, ते थांबायचा.

एक गोष्ट मात्र मी कटाक्षाने टाळते. ‘तुझ्याकडे कुठला फोन आहे’ आणि ‘दिवसात किती तास मोबाइल बघतोस’ हे दोन प्रश्न मी कधीही विचारत नाही. इंग्रजी शिकवण्याच्या आयत्या पुस्तकांत हे प्रश्न हमखास असतात, कारण ती पुस्तकं प्रत्येक मुलाचा स्वतःचा फोन गृहीत धरतात. आमच्या वर्गात कित्येक घरांत एकच चांगला फोन, तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जातो. मुलींच्या हातात तो भावानंतर येतो. अशा मुलीला तो प्रश्न विचारला तर ती एक तर खोटं सांगेल, नाही तर त्या दिवसापुरती गप्प होईल.

चुका मधेच सुधारू नयेत, हेही माझं मत आहे. ‘आय अ‍ॅम हॅव्हिंग वन मोबाइल’ असं कुणी म्हणालं तर म्हणू द्यावं. मी वहीत टिपून ठेवते, शेवटच्या दहा मिनिटांत नाव न घेता चार-पाच वाक्यं फळ्यावर लिहिते, वर्ग मिळून ती दुरुस्त करतो.

तुमच्यापैकी जे मुंबईत या वयाच्या मुलांना शिकवतात किंवा ज्यांच्या घरात ती आहेत, त्यांनी काय करून पाहिलं ते सविस्तर लिहा.

दादरची वाचक

वाचनखूण साठवली आहे. टॅक्सीवाल्या मुलीचं वाक्य फार आवडलं.

क्लासवाले सर

ताई, लेख चांगला, पण एका बाबतीत असहमत. मी बोरिवलीत इंग्रजी माध्यमाच्या दहावीच्या मुलांना शिकवतो. कुमारभारतीच्या पेपरात एक मत देऊन त्याच्या विरुद्ध मत लिहायला सांगतात, भाषण लिहायला सांगतात. मोबाइल, सोशल मीडिया, ऑनलाइन शिक्षण हे तिथले नेहमीचे विषय. शाप-वरदान तुम्ही वर्गाबाहेर काढलंत तरी परीक्षा काढत नाही. लेखी ८० गुणांचा पेपर समोर असताना वडापावच्या गाडीवर किती वेळ द्यायचा? पालक विचारतात, आणि त्यांचं विचारणं चूक नाही.

दुसरं, दोन बाजू मांडता येणं हे कौशल्य आहे. ‘ऑन द अदर हँड’, ‘इट इज ट्रू दॅट… बट’ असे दुवे पाठ असतील तरच वापरता येतात.

फळाखडू

सर, दुवे लागतातच, वादही लागतो. माझा आग्रह क्रमाबद्दल आहे. आधी मुलाकडे सांगण्यासारखं काही जमू द्या, वाद शेवटी घ्या. आणि वादाचा प्रश्न धारदार हवा. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये कायदा केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना ठरावीक सोशल मीडियावर खातं ठेवायला तिथे मनाई झाली. त्यात दंड कंपन्यांना आहे, मुलांना किंवा पालकांना नाही. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरलं आहे आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यायला सांगितली आहे. आता विचारा : भारताने ऑस्ट्रेलियासारखं करावं का? तुमचं वय कुणी आणि कसं तपासावं? आधार कार्ड त्या कंपनीला दाखवाल का?

चौदा वर्षांच्या मुलाला हा प्रश्न स्वतःचा वाटतो. माझ्या वर्गात एक गट ‘बंदी हवी’ म्हणून उभा राहिला, त्यात मुलीच जास्त होत्या. त्यांनी दिलेली कारणं, म्हणजे अनोळखी माणसांचे मेसेज आणि परवानगीशिवाय फिरणारे फोटो, कुठल्याही गाइडमध्ये सापडणार नाहीत. ‘ऑन द अदर हँड’ तिथे मी फळ्यावर लिहून दिलं आणि लगेच वापरलं गेलं. पेपरातलं प्रतिमत हीच मुलं जास्त चांगलं लिहितील असं मला वाटतं.

गोवंडीची बाई

पालिकेच्या शाळेत आहे. आमच्याकडे मुलांच्या घरची भाषा हिंदी, उर्दू, भोजपुरी. मराठी शाळेतली, इंग्रजी त्यानंतरची. ‘वर्गात फक्त इंग्रजी’ हा नियम मी सोडून दिला आहे. आधी जोडीजोडीने घरच्या भाषेत बोला, मग तेच इंग्रजीत सांगा. विचार जुळवायला त्यांना ती दोन मिनिटं लागतात. ती न देता थेट इंग्रजी मागितलं तर हुशार मूलसुद्धा ‘मोबाइल इज व्हेरी युजफुल’ एवढ्यावर येऊन थांबतं.

एक करून पाहण्यासारखं सांगते. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आहेत, ते दीक्षा अ‍ॅपवर स्कॅन केले की धड्याचं साहित्य उघडतं. मी मुलांना सांगितलं, एका धड्याचा व्हिडिओ बघा आणि तो बनवणाऱ्याला इंग्रजीत पत्र लिहा : काय कळलं, काय कळलं नाही, काय बदलायला हवं. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना वर्गातल्या प्रोजेक्टरवर दाखवलं. आपल्याला कुणी मत विचारतं आहे, तेही शाळेच्या पुस्तकाबद्दल, याचं मुलांना फार अप्रूप. ‘टू फास्ट’, ‘नो एक्झाम्पल’, ‘द व्हॉइस इज लाइक न्यूज’ अशी नेमकी टीका आली. शेवटच्या वाक्यावर मुलं आणि मी, आम्ही सगळे मिळून थांबलो, कारण ते खरं होतं : बातम्यांच्या सुरात कुणी शिकवलं तर ऐकावंसं वाटत नाही.

काचतंतू

मी शिक्षक नाही, नेटवर्कच्या क्षेत्रात काम करतो. भाचीच्या शाळेत एकदा बोलायला गेलो होतो, त्यावरून लिहितो.

मी मुलांना विचारलं, तुम्ही बघता तो व्हिडिओ परदेशातून तुमच्यापर्यंत कुठून येतो? सगळ्यांनी वर बोट दाखवलं, ‘सॅटेलाइट’. मोठी माणसंही हेच सांगतात. खरं म्हणजे देशादेशांतली बहुतांश माहिती समुद्राच्या तळावरच्या केबलमधून जाते. त्यात केसासारख्या बारीक काचेच्या तंतूंतून प्रकाश धावतो, काचेत त्याचा वेग सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर. आणि भारतात या केबल ज्या मोजक्या ठिकाणी किनाऱ्याला लागतात, त्यात मुंबई आणि चेन्नई मुख्य. मुंबईत वर्सोव्याला कित्येक केबल वर येतात. वर्सोव्याच्या चौपाटीवर ही सगळी मुलं खेळलेली असतात. पायाखालून निम्म्या जगाशी बोलणं चाललं आहे हे कळल्यावर त्यांनी जे प्रश्न विचारले ते थांबेनात. शार्क चावला तर? मासेमारीच्या जाळ्यात अडकली तर? कोण दुरुस्त करतं?

जाळी आणि नांगर ही केबल तुटण्याची खरीच मोठी कारणं आहेत. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रात केबल तुटल्या आणि भारतातलं इंटरनेट कित्येक दिवस रखडत चाललं. दुरुस्तीला खास जहाज जातं, तुटलेलं टोक वर ओढून जोडतं. हे सगळं इंग्रजीत सांगताना कर्ता कोण ते महत्त्वाचंच नसतं. ‘द केबल वॉज कट’, ‘इट इज पुल्ड अप’, ‘इट इज जॉइन्ड अगेन’. शाळेच्या बाई मागे बसल्या होत्या. नंतर म्हणाल्या, कर्मणी प्रयोगाची इतकी उदाहरणं मुलांनी स्वतःहून कधी दिली नव्हती.

इतिहासही जोडता येतो. १८७० मध्ये मुंबई एडनमार्गे सुएझला समुद्राखालच्या तारेने जोडली गेली, तिथून पुढे लंडनपर्यंत. तेव्हा तारायंत्राचे संदेश जायचे. दीडशे वर्षांनी मार्ग बराचसा तोच आहे. नकाशा काढून दाखवा, तांबडा समुद्र दाखवा. मुलं भूगोलाच्या पुस्तकाकडे वेगळ्या नजरेने बघतात.

निवृत्त टेलिफोनवाला

काचतंतू साहेब, छान माहिती. मी आयुष्यभर टेलिफोन खात्यात लाइनवर काम केलं. आमच्या सोसायटीत एक बाई मुलांचा इंग्रजीचा वर्ग घेतात, त्यांनी मला ‘पाहुणा’ म्हणून बोलावलं. अट एकच होती : मी भाषण द्यायचं नाही, मुलं विचारतील त्याचीच उत्तरं द्यायची, आणि मुलांनी इंग्रजीतच विचारायचं.

मुलांनी आधी प्रश्न लिहून आणले होते. घरी फोन लागायला किती दिवस लागायचे, हे विचारलं. वर्षं लागायची, म्हटल्यावर त्यांना वाटलं मी इंग्रजी चुकलो. एकाने दुरुस्त केलं, ‘सर, डेज?’ मी म्हटलं, ‘नो बाळा, इयर्स.’ मग ट्रंक कॉल, त्यातले ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे प्रकार. कोपऱ्यावरचे पिवळे एसटीडी बूथ. २०१३ च्या जुलैमध्ये बंद झालेली तार. तार म्हणजे दर शब्दाला पैसे, म्हणून माणसं शब्द मोजून लिहायची. मुलांना मी एक मोठी बातमी दिली आणि म्हटलं, कमीत कमी शब्दांत तार लिहा. ‘ग्रँडफादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली’ या वाक्यावर एक मुलगी म्हणाली, हे तर आम्ही मेसेजमध्ये लिहितो तसंच आहे, फक्त तुमचं दुःखाचं आहे. खरं सांगतो, एवढी समज या वयात मला नव्हती.

शिक्षकांना एवढंच सांगेन की तुमच्या इमारतीत, चाळीत माझ्यासारखी माणसं भरपूर आहेत. गिरणीत काम केलेले, छापखान्यात खिळे जुळवलेले, रेल्वेत सिग्नल सांभाळलेले. त्यांना बोलवा. मोडकं इंग्रजी चालतं. मुलांची भीती त्यानेच जाते.

फळाखडू

काका, ‘भाषण नाही, फक्त उत्तरं’ ही अट आजच आमच्या गटात कळवते.

उपनगरी आई

मुलगी नववीत, मुलुंडला. तिच्या शाळेत ‘सायबर सेफ्टी’वर पोस्टर करायला सांगितलं होतं, ते कुठलं तरी चित्र उतरवून घरीच करून द्यायचं असेल असं मी समजत होते. पण बाईंनी वेगळं सांगितलं : घरातल्या किंवा शेजारच्या एका मोठ्या माणसाला कळेल अशी इंग्रजी-मराठी सूचना लिहा आणि ती त्यांना समजावून या. लेकीने आमच्या शेजारच्या आजींसाठी लिहिलं, ‘यू नीड युवर पिन टू सेंड मनी. यू नेव्हर नीड युवर पिन टू गेट मनी.’ मराठीत त्याखाली तेच. आजींना नुकताच कुणीतरी फोन करून ‘पैसे जमा करायचे आहेत, पिन टाका’ म्हणून सांगितलं होतं. त्यांनी तो कागद फ्रिजवर लावला आहे. खाली १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबरही लेकीने घातला.

एरवी इंग्रजीत गुण किती एवढंच आम्ही विचारतो. त्या दिवशी तिने लिहिलेल्या दोन ओळी कुणाच्या तरी उपयोगी पडल्या, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. माझा प्रश्न वेगळा आहे. आता गृहपाठ ही मुलं चॅटबॉटकडून लिहून घेतात. बोलणं ठीक, पण लिहिण्याचं काय करायचं?

क्लासवाले सर

माझाही हाच प्रश्न. निबंध इतके सफाईदार येतात की गुण द्यायला हात धजत नाही.

फळाखडू

लपवाछपवी संपवायची असेल तर ते यंत्र वर्गातच आणावं लागतं, असं माझं मत आहे. मी माझ्या फोनवरच वापरते. अशा बऱ्याच सेवांना १३ वर्षांखाली मनाई असते आणि १८ पर्यंत पालकांची परवानगी लागते, म्हणून मुलांना खातं उघडायला मी सांगत नाही.

आधी ते कसं चालतं ते सोप्या इंग्रजीत सांगते. प्रचंड मजकूर वाचून पुढचा शब्द कुठला येण्याची शक्यता जास्त, याचा ते अंदाज बांधत जातं. म्हणून भाषा सफाईदार आणि माहिती कधी बरोबर, कधी चक्क चुकीची. मग त्याला विचारलं, गणेशोत्सवातल्या लालबागचं वर्णन कर. परिच्छेद गुळगुळीत आला : गर्दी, भक्ती, रोषणाई. कुठल्याही गावाला लागू पडेल असा. मुलांना म्हटलं, यात काय नाही ते सांगा. आणि वर्ग उसळला. गणेश गल्ली नाही, तेजुकाया नाही, इथली एवढी मोठी मंडळं नाहीत. लालबागच्या राजाला नवसाची रांग वेगळी, मुखदर्शनाची वेगळी, हे त्याला ठाऊक नाही. रात्री दोन वाजता कुठल्या गल्लीतून घरी जाता येतं हे ठाऊक नाही. एक मुलगा फळ्यापाशी आला, दोन्ही रांगांचा नकाशा काढला आणि ‘दिस लाइन इज फॉर… दॅट लाइन इज ओन्ली फॉर…’ करत सगळं समजावून गेला. तेच मग प्रत्येकाने लिहून दिलं. व्याकरण कच्चं होतं, पण प्रत्येकाचं वेगळं होतं.

म्हणून सर, गृहपाठाचा विषयच असा द्यायचा की उत्तर फक्त त्या मुलाकडे असेल. ‘माय फेव्हरिट फेस्टिव्हल’ दिला तर यंत्र लिहीलच.

गोवंडीची बाई

अगदी पटलं. आणखी भर घालते. लिहून आणल्यावर मी त्यातलं एक वाक्य दाखवून विचारते, हे जरा तुझ्या शब्दांत सांग. दटावण्याच्या सुरात नाही. स्वतः लिहिलेलं असेल तर मूल सांगतं. नसेल तर तेही कळतं आणि मग आम्ही ते एक वाक्य मिळून समजून घेतो. यंत्राकडून घेतलं तरी चालेल, पण न समजता आणलेलं चालणार नाही, एवढाच आमच्या वर्गाचा नियम.

दादरची वाचक

एक विचारायचं राहिलं. तरीही न बोलणाऱ्या मुलांचं काय? माझा भाचा हुशार आहे, सगळं समजतं, पण चार जणांत इंग्रजी बोलायचं म्हटलं की घसा कोरडा पडतो.

फळाखडू

त्याला चार जणांत उभं करू नका. आमच्याकडे अशा मुलाला मी आधी हाताने करायचं काम देते : लोकलचा मार्ग काढायचा, अ‍ॅपच्या पायऱ्यांची चित्रं काढायची. चित्र त्याच्यासमोर असलं की एका मित्राला तो ‘प्रेस हिअर’, ‘नाऊ वेट’ एवढं म्हणतोच. दुसरं म्हणजे आवाजाने टाइप करायची सोय वापरा. फोनला इंग्रजीत एक वाक्य सांगायचं आणि त्याने काय लिहिलं ते बघायचं. फोन हसत नाही आणि थकत नाही. आपला उच्चार त्याला नेहमी कळतोच असं नाही, पण तो दोष मुलाचाच असतो असंही नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवा. तिसऱ्या-चौथ्या वेळी वाक्य बरोबर उमटलं की मूल आपणहून पुढचं वाक्य सांगतं. घरी हे मामी-मावशीबरोबर करायला हरकत नाही. ‘बोल बोल’ म्हणून आग्रह मात्र कुणी करू नये.

दादरची वाचक

आज संध्याकाळीच करून बघते. तो आमच्या घराजवळच्या बसथांब्याचा नकाशा फार छान काढतो, तिथूनच सुरुवात करीन.

गोवंडीची बाई

निवृत्त काका, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. आमच्या आठवीच्या मुलांना तुमच्याकडून ट्रंक कॉलबद्दल ऐकायचं आहे, प्रश्न त्यांनी आत्तापासूनच लिहायला घेतले आहेत. सकाळची शाळा आहे, साडेदहापर्यंत कधीही या.